काचेवरची खूण शोधायची तर आधी काळं कापड घ्या

प्रयोगशाळेतून प्रोग्रेसिव्ह काच, म्हणजे वर लांबचा, खाली वाचनाचा आणि मधल्या पट्ट्यात हळूहळू बदलत जाणारा नंबर असलेली काच, चष्म्याच्या दुकानात येते तेव्हा तिच्यावर शाईने बरंच काही छापलेलं असतं. लांबचा नंबर तपासायचं वर्तुळ, बुबुळासमोर यायलाच हवी अशी फुली, खाली वाचनाचं वर्तुळ. फिटिंग झालं की चष्मेवाला ही शाई पुसून टाकतो. आठवड्याभराने गिऱ्हाईक परत येतं: पायऱ्या उतरताना जमीन हलते, पेपर वाचायला मान फार वर करावी लागते. आता फुली बुबुळासमोर आहे की तीन मिलिमीटर खाली, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी काचेत कायमच्या खुणा कोरलेल्या असतात. प्रत्येक काचेवर दोन बारीक वर्तुळं किंवा तशीच चिन्हं, एकमेकांपासून बरोबर ३४ मिलिमीटर अंतरावर. कानाकडच्या चिन्हाखाली ॲडिशन लिहिलेलं असतं. ‘२०’ किंवा ‘२००’ म्हणजे वाचनासाठी +२.०० जास्त. नाकाकडच्या चिन्हाखाली बहुतेकदा कंपनीची किंवा डिझाइनची ओळख असते. अक्षरं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची आणि कोरीव काम जेमतेम काही मायक्रॉन खोल. ते नजरेत भरू नये म्हणूनच इतकं उथळ ठेवतात. चष्मा घालणाऱ्याला ते दिसत नाही, आणि नेमकं त्यामुळेच शोधणाऱ्यालाही.

अशा वेळी बहुतेक जण मोठ्यात मोठं भिंग मागतात. माझ्या मते ही उलटी सुरुवात आहे. खूण लहान आहे ही अडचण दुय्यम; खरी अडचण ती पारदर्शक आहे ही. ती प्रकाश शोषत नाही, फक्त किंचित वळवते. डोळ्याला उजेड कळतो, रंग कळतो. किरण किती वळला हे कळत नाही. काच पांढऱ्या कागदावर किंवा आकाशाकडे धरली, तर खुणेतून वळलेल्या किरणाच्या जागी त्याच पांढऱ्या पार्श्वभूमीचा शेजारचा तेवढाच उजळ किरण येतो. फरक शून्य. दहापट मोठा केलेला शून्यही शून्यच.

मे महिन्यात नागपूरच्या वर्धा रोडवर दुपारी उभं राहा. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरताना दिसते, कारण तिच्यामागे दुभाजक, गाड्या, खांब यांच्या कडा आहेत आणि त्या वाकड्यातिकड्या होतात. तीच हवा नुसत्या आकाशासमोर पाहा. काही दिसणार नाही. १८६४ मध्ये ऑगस्ट टोप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने उजेड-अंधाराच्या कडेमुळे वळलेला किरण दिसतो, या युक्तीवर आधारलेली पद्धत मांडली आणि पारदर्शक हवेतले प्रवाह डोळ्यांना दाखवले.

चष्म्याच्या काचेसाठी याचं घरगुती रूप असं: मागे काळं कापड, खोलीत अंधार, आणि बाजूने टॉर्च अशी तिरपी मारायची की तिचा उजेड सरळ डोळ्यात येणार नाही. आता खुणेने वळवलेला प्रकाशच तेवढा डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि वर्तुळ चमकून उठतं. विखुरलेला अंधुक प्रकाश मूळ झोताच्या आडव्या दिशेने पाहायचा, हे सर चंद्रशेखर व्यंकट रमण यांच्या १९२८ च्या प्रयोगांतही होतं. टॉर्च नसेल तर ट्यूबलाइटची कड आणि तिच्यालगतचा अंधार यांच्या सीमेवर काच हळूहळू सरकवा. सूर्याकडे मात्र काच धरून कधीही पाहू नका.

जुने चष्मेवाले काचेवर तोंडाची वाफ सोडतात. वाफ उडून जाता जाता खूण क्षणभर उमटते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे फसतं. उच्छ्वासातली वाफ काचेवर धरायला काच साधारण ३४ अंशांपेक्षा थंड लागते, आणि बिनएसीच्या दुकानात ती दुपारी चाळिशीला टेकलेली असते.

भिंगाचं काम खूण सापडल्यावर सुरू होतं. दहापट भिंगात काचेचा छोटासा तुकडाच दिसतो आणि हात जरा हलला की चित्र धूसर होतं. त्यात खूण पुढच्या बाजूला आहे की मागच्या, हेही आधी माहीत नसतं; जुन्या साच्यातल्या काचांवर ती पुढे असायची, नव्या फ्रीफॉर्म (संगणकाच्या मदतीने घडवलेल्या) काचांवर बहुधा मागे असते. तीन-चारपट भिंग पुरे. मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचला तरी चालतं.

रोज असे चष्मे हाताळणाऱ्या दुकानाने परावर्तक पडद्याचं उपकरण घ्यावं. रस्त्यावरच्या पाट्या गाडीच्या दिव्यात ज्या तत्त्वाने चमकतात, त्याच तत्त्वाचा हा पडदा. डोळ्याजवळचा एलईडी काचेतून पडद्यावर प्रकाश टाकतो आणि पडदा तो आल्या वाटेने, पण किंचित पसरवून परत पाठवतो. काचेच्या न कोरलेल्या भागाला एवढ्या पसरण्याने काही होत नाही. कोरीव रेघेत मात्र परतीचा किरण नेमक्या त्याच जागी येत नाही, भलतीकडे वळतो, आणि रेघ ठळक होते. अँटिग्लेअर कोटिंग आणि ओरखडे असलेल्या काचेवर टॉर्चची युक्ती हात टेकते, तिथे हे उपयोगी पडतं. विकत घेताना ‘किती पट मोठं दिसतं’ विचारण्याऐवजी स्वतःजवळची जुनी, ओरखडलेली काच नेऊन लावून पाहा.

काचेचा नंबर मोजणारं यंत्र, लेन्सोमीटर, इथे पर्याय नाही. तो नंबर सांगतो, पण वाचनाचा नंबर कुठल्या जागी मोजायचा हे आधी खुणांनीच कळतं.

खुणा सापडल्या की त्यांवर मार्करने ठिपके द्यायचे, कंपनीच्या तक्त्यावर काच ठेवायची आणि फुली पुन्हा काढायची. फुली ठिपक्यांच्या रेषेपासून किती वर, हे डिझाइनप्रमाणे बदलतं, म्हणून तक्ता त्याच काचेचा हवा. मग चष्मा घालून समोर बघायला सांगायचं. दोन-तीन मिलिमीटरचा एवढा बाऊ का, तर मधल्या पट्ट्यात वरून खाली नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने बाजूंना धूसरपणा वाढतो. मिंकविट्झ या संशोधकाने १९६३ मध्ये हे गणिताने दाखवलं. पट्टा अरुंद असणारच, जागा चुकली की नजर थेट त्याच्याबाहेर.

फ्रेम फार छोटी असेल तर एखादी खूण कापली गेलेली असते. उरलेल्या एका खुणेपासून १७ मिलिमीटर मोजून मध्य काढता येतो, फक्त काच तिरकी बसलेली नाही याची खात्री त्यातून होत नाही. आणि मार्करचे ठिपके पुसायला ॲसिटोन नको: पॉलिकार्बोनेटची काच त्याने खराब होते. स्पिरिट पुरतं.