आवाजबदल सॉफ्टवेअर (टेबलटॉप आरपीजी)

टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून संवादांतून गोष्ट रंगवायच्या भूमिका-खेळात, पात्राचे संवाद बोलणाऱ्या खेळाडूचा किंवा गेममास्टरचा (गोष्ट चालवणाऱ्याचा) आवाज त्याच क्षणी बदलून ऐकवणारे सॉफ्टवेअर. 1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला तेव्हापासून राक्षस, बुटके, चेटकिणी, खाणावळवाले अशी डझनभर पात्रे एकट्या गेममास्टरने तोंडाने वठवायची, अशी रीत आहे. पुढे बरेच गट इंटरनेटवरून, रोल20 आणि फाउंड्री या आभासी टेबलांवर आणि डिस्कॉर्ड या बोलण्याच्या अ‍ॅपवर खेळू लागले. प्रत्येकाच्या तोंडासमोर माइक आणि कानावर हेडफोन आला, तेव्हा कुठे आवाजबदल व्यवहार्य झाला.

बदलायच्या गोष्टी मुख्यतः दोन. पहिली पट्टी, म्हणजे आवाजाची उंची (पिच). ती अर्धस्वरांत मोजतात: पेटीवर काळी-पांढरी धरून शेजारच्या दोन कळांमधले अंतर म्हणजे एक अर्धस्वर, आणि बारा अर्धस्वर चढले की कंपनसंख्या दुप्पट. दुसरी गोष्ट फॉर्मंट, म्हणजे घसा आणि तोंड यांच्या पोकळीचे अनुनाद. प्रौढ पुरुषाची ही पोकळी साधारण 17 सेंमी लांब असते, स्त्रीची त्याहून दोन-तीन सेंमी आखूड. पट्टीवरून आवाज उंच की खालचा ते कळते. बोलणाऱ्याचा देह केवढा असेल याचा अंदाज मात्र कान फॉर्मंटवरून बांधतो. नवखे लोक नुसती पट्टी ओढतात आणि तिथेच फसतात. 120 हर्ट्‌झचा आवाज बारा अर्धस्वर खाली नेला तर 60 हर्ट्‌झवर येतो; लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरला ती खोली वाजवताच येत नाही आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसती गुरगुर उरते. राक्षसासाठी पट्टी 2 ते 3 अर्धस्वर आणि फॉर्मंट 10 ते 15 टक्के खाली, एवढे पुरते. बुटक्या किंवा पऱ्यांसाठी याच्या उलट, पण 4 अर्धस्वरांच्या वर गेल्यास गंभीर प्रसंगातही हसू फुटते. यांत्रिक पात्रांसाठी रिंग मॉड्युलेटर वापरतात; तो आवाजाला दुसऱ्या एका स्थिर लहरीने गुणतो. बीबीसीने 1963 मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेतल्या डालेक या यंत्रजीवांचा आवाज 30 हर्ट्‌झच्या लहरीने असाच घडवला होता.

मराठीत खेळताना एक अडचण हमखास येते. पट्टी आणि फॉर्मंट दोन्ही फार खाली नेले की ‘स’मधली उंच सुसकार खाली घसरून ‘श’सारखी ऐकू येते. ‘ख’, ‘फ’, ‘भ’ यांतला श्वास माइकवर आदळून फुटतो तो वेगळाच. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला, चार बोटे अंतरावर ठेवला आणि पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी) लावला की निम्मा त्रास जातो. राक्षसाची वाक्ये तोडून, सावकाश बोलावीत.

जोडणी अशी: माइक, मग आवाज बदलणारे सॉफ्टवेअर, मग आभासी केबल (एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्याला पोहोचवणारे सॉफ्टवेअर), मग डिस्कॉर्ड. विंडोजवर क्लाउनफिश, मॉर्फव्हॉक्स आणि व्हॉइसमॉड ही नावे रुळलेली आहेत. व्हॉइसमॉड आपला आभासी माइक सोबतच आणतो. इतर सॉफ्टवेअरसोबत व्हीबी-केबल ही आभासी केबल लागू शकते, आणि तिथली नावे उलटी वाटतात: सॉफ्टवेअरचा आवाज ‘केबल इनपुट’मध्ये सोडायचा आणि डिस्कॉर्डमध्ये माइक म्हणून ‘केबल आउटपुट’ निवडायचा. मॅकवर हेच काम ब्लॅकहोल करते. इफेक्टचा क्रमही महत्त्वाचा. आधी नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), मग 80 हर्ट्‌झखालचे कापणारा फिल्टर, कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा), त्यानंतर पट्टी आणि फॉर्मंट, आणि रिव्हर्ब (घुमारा) सर्वांत शेवटी. रिव्हर्ब आधी लावला तर पट्टी शोधणारी गणिते प्रतिध्वनीत गोंधळतात आणि आवाज थरथरतो. गुहेचा भास द्यायला 10 ते 15 टक्के रिव्हर्ब पुष्कळ झाला.

आवाज नीट घडवूनही पलीकडे तुटक पोहोचतो, याचे कारण बहुतेक वेळा डिस्कॉर्डमध्येच असते. त्यातली नॉइज सप्रेशन माणसाचा आवाज ओळखून बाकीचे पुसते. घोगरा, यांत्रिक राक्षस तिला गोंगाट वाटतो. ती, प्रतिध्वनी पुसणारे इको कॅन्सलेशन आणि आपोआप पातळी सावरणारी सोय, तिन्ही बंद ठेवावीत. इनपुटची संवेदनशीलता हाताने ठरवावी, नाहीतर भुताची कुजबुज गाळली जाते. मग पंख्याची घरघर मात्र आपल्यालाच आवरावी लागते. खरखर येत असेल किंवा आवाज आपोआप दीडेक अर्धस्वर सरकला असेल, तर नमुनादर (आवाजाचे नमुने सेकंदाला किती घेतले जातात तो आकडा) एका ठिकाणी 44.1 आणि दुसऱ्या ठिकाणी 48 किलोहर्ट्‌झ आहे का ते पाहावे. सगळीकडे 48 ठेवणे बरे. ब्लूटूथ हेडसेट टाळावा: त्याचा माइक सुरू होताच बहुतेक हेडसेट फोनच्या दर्जावर उतरतात आणि सॉफ्टवेअरच्या हाती मुळातच दबका आवाज येतो.

आवाज बदलून पुढे जाईपर्यंत होणाऱ्या विलंबाचे गणित सोपे आहे. 48 किलोहर्ट्‌झवर 256 नमुन्यांचा बफर (एका वेळी साठवून पुढे सोडलेला आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे 5 मिलिसेकंद, आणि साखळीत असे बफर अनेक असतात. ऐकणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही, बोलणाऱ्याला वाटते. स्वतःचा आवाज सुमारे 200 मिलिसेकंद उशिरा कानावर पडला की जीभ अडखळते. म्हणून ‘स्वतःला ऐका’ हे बटण सेटिंग जुळवण्यापुरतेच वापरावे.

एका सत्राला तीन-चार आवाज पुरे. प्रत्येकाला नंपॅडवरची एक कळ द्यावी आणि नेहमीच्या आवाजाची कळ सर्वांत मोठी, न बघता सापडणारी असावी. ड्रॅगनच्या आवाजात ‘इनिशिएटिव्ह टाका’ (लढाईतला क्रम ठरवणारा फासा टाका) ऐकू येणे ही या प्रकारातली सर्वांत जुनी फजिती आहे.

प्रत्यक्ष टेबलाभोवती हे फारसे जमत नाही, कारण समोर बसलेल्यांना मूळ आवाज आधी आणि बदललेला मागाहून, असे दोन्ही ऐकू येतात. शिवाय स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. तिथे आधी ध्वनिमुद्रित केलेली दोन-चार वाक्ये कळ दाबून वाजवणे हाच खात्रीचा मार्ग. गेममास्टरने कोणाचे नाव घेऊन बोलायचे असेल तर तेवढे तोंडानेच.

2023 पासून आरव्हीसीसारखी, एआयने दुसऱ्या माणसाचा आवाजच चढवणारी मॉडेलेही वापरात आली. त्यांना चांगले ग्राफिक्स कार्ड लागते आणि विलंब बराच जास्त होतो. संवाद एकमेकांवर चढतात. त्यांचे उच्चार ओळखणारे मूळ मॉडेल मुख्यतः इंग्रजीवर घडलेले असल्याने ‘ळ’ आणि ‘ण’ बोथट होऊ शकतात. आवाज कोणाचा हा प्रश्न इथे खरा आहे: मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या एआय साधनांविरुद्ध अंतरिम मनाई दिली. गटातल्या एखाद्याने संमतीने दिलेल्या ध्वनिमुद्रणावर मॉडेल घडवले, तर हा प्रश्न उरत नाही.