थकवा अंगावर काढू नका, एकदा फेरिटिन तपासून घ्या

घरातल्या बाईला थकवा येणारच, हे आपल्याकडे इतकं सहज बोललं जातं की त्या बाईलाही ते खरं वाटायला लागतं. जिना चढताना धाप लागते, केस मुठीने गळतात, दुपारी डोकं जड होतं आणि सगळ्याला कारण एकच सांगितलं जातं, दगदग झाली असेल. मला विचाराल तर फेशियल आणि स्पाच्या आधी खरी सेल्फ केअर म्हणजे स्वतःसाठी करून घेतलेली एक रक्ततपासणी, कारण या थकव्यामागे बरेचदा लोहाची कमतरता असते आणि ती भरून काढता येते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी, निघाला, पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के. आपल्या महाराष्ट्रातही बायकांचा आकडा ५४ टक्के होता, म्हणजे निम्म्याहून जास्त!

यातला पाळीचा हिशोब बघा. साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, एक मिली रक्तात अर्धा मिलीग्रॅम लोह असतं, म्हणजे महिन्याला १५ ते २० मिलीग्रॅम गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण डाळी-भाज्यांतलं लोह आपलं शरीर फार थोडं शोषतं, त्यामुळे भरपाई पुरी होत नाही, आणि ज्यांना अंगावरून जास्त जातं त्यांचं तर विचारूच नका.

बरं, हिमोग्लोबिन घसरतं सगळ्यात शेवटी. शरीर आधी साठवणीतलं लोह वापरतं आणि ती साठवण किती उरलीय ते फेरिटिन या रक्ततपासणीवरून कळतं. म्हणून हिमोग्लोबिन १२.२, रिपोर्ट नॉर्मल, तुम्हाला काही झालेलं नाही असं ऐकून घरी आलेल्या बाईचं फेरिटिन १५ च्या खाली असू शकतं, म्हणजे साठवण रिकामी, आणि तिचा थकवा अगदी खरा असतो.

आता चहा. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तमच, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं, पण लगेच वर कपभर चहा घेतला की त्यातली टॅनिन्स लोहाला धरून ठेवतात आणि लिंबाचा बराचसा फायदा वाया जातो. चहा सोडा असं कोण म्हणतंय, फक्त जेवण-नाश्त्यानंतर तासभर थांबा. आणि अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीलाच का, एरवी बाईला लोह लागत नाही का?

गोळ्यांबाबत मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे हेप्सिडिन. हे लिव्हरमध्ये तयार होणारं हार्मोन, लोहाची गोळी घेतली की वाढतं आणि साधारण दिवसभर आतड्यातून लोह आत घेणं कमी करतं. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुणींवर झालेल्या, २०१७ साली छापून आलेल्या अभ्यासात रोजच्यापेक्षा एक दिवसाआड गोळी घेणाऱ्यांच्या शरीरात प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. तुमचा डोस मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, असेल तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि तिथे उगाच लोह घेऊन उपयोग नाही.

शिवाय सगळा अ‍ॅनिमिया लोहाचा नसतो, हे कळण्यात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांचा मोठा वाटा आहे. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली, कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या गंभीर अ‍ॅनिमियाचा अभ्यास तिने केला, आणि तो यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, बरा होतो हे १९३१ मध्ये छापून आणलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला देतात ते फॉलिक अ‍ॅसिड.

गोळ्या सुरू झाल्यावर शौचाला काळी होते, थोडं बद्धकोष्ठ होतं आणि तिथेच बऱ्याच जणी गोळ्या सोडून देतात. काळा रंग लोहाचाच असतो, त्याला घाबरू नका, पोटाचा त्रास जास्त असेल तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या, आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबू नका, साठवण भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात.