जर्मन टपालपेटी आणि मकरपुऱ्याचा कॅटलॉग

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह, पंप नाहीतर रासायनिक कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणारे अनेक छोटे उद्योग आहेत. तिथे निर्यातीचा पत्रव्यवहार बहुधा एकाच माणसाकडे असतो. कोटेशन तो करतो, एलसीची (बँकेच्या पतपत्राची) कागदपत्रं बँकेत तोच नेतो, आणि फ्रँकफुर्टच्या आखेमा या रासायनिक यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनातून कुणी व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा आणला की ती एक्सेलमध्ये भरून सगळ्यांना एकगठ्ठा कॅटलॉगही तोच धाडतो. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. एकदा त्यांच्या जर्मन वितरकाचा फोन आला. यांनी तयार करून दिलेला मेल त्याने स्वतःच्या नावाने शेदोनशे जणांना पाठवला होता. त्यातल्या एकाच्या वकिलाचं पत्र आलं होतं आणि वकिलाच्या फीचं बिलही सोबत होतं. ते कोण भरणार?

स्नेही मला म्हणाले, "अहो, एक मेल तर होता. नको असेल तर डिलीट करायचा की!"

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जर्मन न्यायालयांपुढे हाच युक्तिवाद पुन्हापुन्हा झाला आहे, आणि तो तिथे का टिकला नाही हे समजायला इंटरनेटच्या बरंच मागे जावं लागतं.

जाहिरातीच्या ईमेलचा जन्म अमेरिकेतला. मे १९७८मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुअर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे चारशे पत्त्यांवर नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. वापरणारे चिडले, पण कायदा व्हायला पाव शतक जावं लागलं. डिसेंबर २००३मध्ये सही होऊन १ जानेवारी २००४पासून लागू झालेल्या 'कॅन-स्पॅम' कायद्याने अनोळखी माणसाला मेल पाठवायला मनाई केलीच नाही. विषयओळ खोटी नको, पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता हवा, 'पुरे' म्हणायची सोय हवी, आणि कुणी तसं म्हटलं की कामकाजाच्या दहा दिवसांत थांबायचं. कॅलिफोर्नियाने आधी परवानगी मागणारा कडक कायदा केला होता. तोही त्याच १ जानेवारीपासून लागू व्हायचा होता, पण संघराज्याच्या कायद्याने तो निष्प्रभ केला. थोडक्यात, स्नेह्यांचं 'डिलीट करायचा की' हे अमेरिकेत जवळजवळ सरकारी धोरणच ठरलं. मेल धाडायची आपल्याकडची सॉफ्टवेअरं आणि त्यांचे तयार नमुने बहुतेक तिकडचेच. त्यामुळे तळाशी अनसबस्क्राइबची ओळ टाकली की सगळं कायदेशीर झालं, असा समज आपोआप रुजतो.

जर्मनीची गोष्ट टेलिफोनपासून सुरू होते. १९७०मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने न विचारता घरी फोन करून माल विकणं ही अनुचित स्पर्धा ठरवली. १९७२मध्ये टेलेक्सचा, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राचा, निकाल आला. आपल्याकडच्या जुन्या निर्यातदारांना टेलेक्सचं महत्त्व सांगायला नको. एक यंत्र, एक लाइन. नको असलेली जाहिरात त्यावर छापली जात असताना खरी ऑर्डर बाहेर ताटकळणार, आणि यंत्र व कागद दोन्ही ज्याच्यावर ही जाहिरात लादली त्याचेच! पुढे १९८८मध्ये बीटीएक्स या पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या टपालसेवेतल्या जाहिरातींबाबतही न्यायालयाने तेच म्हटलं. १९९५मध्ये फॅक्सचा नंबर लागला. यंत्रं बदलत गेली, हिशेब तोच राहिला: जाहिरात तुमची आणि भुर्दंड माझा, हे चालणार नाही.

मला या मालिकेतला सगळ्यात बोलका वाटतो तो डिसेंबर १९८८चा निकाल, कारण त्यात कुठलंच यंत्र नाही. एका माणसाने टपालपेटीवर 'जाहिराती नकोत' अशी चिकटपट्टी लावली होती, तरी पत्रकं येत राहिली. न्यायालय म्हणालं, त्याची इच्छा पाळावीच लागेल. पत्रक उचलून कचऱ्यात टाकायला क्षणभरच लागतो, हा बचाव चालला नाही. आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावर 'विक्रेत्यांना सक्त मनाई' अशी पाटी असते आणि तिच्याखालूनच वॉटर प्युरिफायरवाला आत येतो. आपण पाटी वाचतो, तिकडे ती पाळतात, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

याला आणखी एक अंतःप्रवाह आहे. हेसन राज्याने १९७०मध्येच माहिती संरक्षणाचा जगातला पहिला कायदा केला. १९८३च्या जनगणनेला लोकांनी एवढा विरोध केला की प्रकरण घटना न्यायालयात गेलं. स्वतःची माहिती कुणी आणि कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क व्यक्तीचाच, असं त्या न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी सांगितलं.

त्यामुळे २००४मध्ये ईमेलवर निकाल आला तेव्हा जमीन तयारच होती. एक मेल क्षुल्लक असतो हे न्यायालयाला मान्य होतं. पण एकाला मुभा दिली की बाकीचेही तेच करणार, आणि मग इनबॉक्स निवडत बसण्यातच दिवस जाणार. त्याच वर्षी अनुचित स्पर्धेचा कायदा नव्याने लिहिला गेला आणि त्याच्या कलम ७मध्ये आधी संमती घेण्याची अट आली. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशात ती होतीच. मात्र त्या निर्देशाने कंपन्यांना येणाऱ्या मेलचा निर्णय ज्या त्या देशावर सोडला होता, आणि जर्मनीने कंपन्यांनाही तेच संरक्षण दिलं. २००९मध्ये न्यायालय पुढे जाऊन म्हणालं की एखाद्या व्यवसायाला न विचारता गेलेला एकच जाहिरात-मेलसुद्धा त्याच्या कामकाजातला बेकायदा हस्तक्षेप ठरू शकतो. मकरपुऱ्यातला माणूस नेमका इथे ठेचकाळतो. 'मी कुठे कुणाच्या घरी पाठवतोय, कंपनीच्या इन्फो आयडीवर पाठवतोय' हा त्याचा बचाव तिथे चालत नाही. जीडीपीआर हा युरोपचा माहिती संरक्षणाचा कायदा फक्त व्यक्तींच्या माहितीपुरता, म्हणून इन्फो आयडी सुरक्षित, हा समजही अर्धाच बरोबर आहे, कारण कलम ७ मेलपेटी कुणाच्या नावाची आहे हे पाहत नाही.

अंमलबजावणीची तऱ्हाही वेगळी. मेल मिळालेला माणूस किंवा एखादा स्पर्धक वकिलामार्फत 'आबमानुंग' धाडतो: पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, मोडलंत तर अमुक दंड भरा, आणि या पत्राचा खर्चही द्या. सरकारी खात्याची वाट पाहावी लागत नाही. बडोद्यापर्यंत पोहोचणं त्यांना अवघड, म्हणून दणका बसतो तो तिथे हाताशी असलेल्या वितरकाला.

आपल्याकडे हा सगळा इतिहास घडलाच नाही. नको असलेल्या कॉलसाठी २००७मध्ये नोंदवही आली आणि ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम कॉल व एसएमएसपुरते राहिले. त्रासदायक मेलला हात लावणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ए मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. त्याची कारणं अभिव्यक्तीची होती आणि ती योग्यच होती. पण त्यामुळे इथे व्यापारी मेल म्हणजे अजूनही नमस्काराचं पत्र.

जर्मन कायदा जुन्या गिऱ्हाइकाला मात्र थोडी वाट देतो. विक्रीच्या ओघात पत्ता मिळाला असेल, माल स्वतःचा आणि तशाच प्रकारचा असेल, आणि पत्ता घेताना व नंतरच्या प्रत्येक मेलमध्ये 'नको म्हणू शकता' हे सांगितलं असेल, तर वेगळी संमती लागत नाही. यातली पत्ता घेतानाची अट आपल्याकडे बहुतेकांकडून सुटते, कारण तेव्हा सगळं लक्ष ऑर्डरवर असतं.

ती सुटली की काय होतं ते २०१८च्या निकालात दिसतं. उंदीर-किडे पळवणारं अल्ट्रासाउंड यंत्र विकणाऱ्याने बिलाच्या मेलमध्ये खरेदीबद्दल आभार मानून पाच ताऱ्यांची विनंती केली. बिल पाठवणं योग्यच होतं, पण विनंती ही जाहिरात, आणि तिला नकार द्यायची संधी गिऱ्हाइकाला दिली नव्हती, म्हणून अख्खा मेल बेकायदा ठरला. हे ऐकून स्नेह्यांनी आपल्या निर्यात बिलांच्या मेलचा साचा उघडला. शेवटची ओळ होती: 'आमचा नवा कॅटलॉग सोबत जोडला आहे.'