‘स्मॉल बॅच’ बर्बन: बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

बर्बनच्या (अमेरिकेतली, मुख्यतः मक्याची व्हिस्की) बाटलीसोबत हा कागद पिशवीत टाकतोय, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: “तीस-पस्तीस डॉलरपर्यंतची, स्मॉल बॅच, चांगली कुठली?” यातल्या ‘स्मॉल बॅच’चं, म्हणजे मोजक्या बॅरलमधली (लाकडी पिंपांतली) दारू एकत्र करून भरलेली, आधी सांगून टाकतो. अमेरिकेच्या कायद्यात या शब्दांची व्याख्याच नाही. कोणी वीस बॅरल एकत्र करून ते छापतं, कोणी दोनशे, आणि दोघंही नियमातच असतात. केंटकी राज्यातल्या जिम बीम या कंपनीने १९९२ मध्ये बुकर्स, बेकर्स, बेझिल हेडन्स आणि नॉब क्रीक या चार बाटल्या या नावाखाली एकत्र आणल्या, तिथून ते चांगलंच रुळलं. आम्हीही फळीवरच्या पाटीवर तेच लिहितो, गिऱ्हाईक तेच शोधत येतं म्हणून. पण जास्तीचे पैसे त्या दोन शब्दांसाठी मोजू नका.

वजनदार शब्द दुसरे आहेत. नुसतं ‘बर्बन’ म्हटलं की धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, मुरवण आतून जाळलेल्या, ओकच्या लाकडाच्या कोऱ्या पिंपात हवी, आणि वरून रंग किंवा स्वाद घालायला बंदी. बाटलीत दिसतो तो तांबूस रंग सगळा लाकडाचा. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली. वय चार वर्षांच्या आत असेल तर ते छापावंच लागतं. म्हणजे ‘स्ट्रेट’ आहे आणि वय कुठेच दिसत नाही, तर चार वर्षं तरी झालीत असं समजा. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ हा १८९७ च्या कायद्यातला शब्द: एकच डिस्टिलरी (दारू गाळायचा कारखाना), गाळण्याचा एकच हंगाम, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं, आणि नेमकी १०० प्रूफ. प्रूफ निम्मं केलं की अल्कोहोलचे टक्के मिळतात, म्हणजे ही ५० टक्के.

मागचं लेबलही वाचा. बाटलीत भरणारी कंपनी एका राज्यातली आणि दारू ‘डिस्टिल्ड इन इंडियाना’ (इंडियाना राज्यात गाळलेली) असं पुष्कळदा असतं. त्यात वाईट काही नाही, इंडियानात उत्तम बर्बन बनते. फक्त पुढच्या बाजूला आजोबांच्या तांब्याच्या भट्टीची गोष्ट रंगवलेली असेल, तर त्या गोष्टीचे पैसे किती आणि दारूचे किती, एवढं मनात वेगळं करा.

आता उदाहरणाला एलायजा क्रेग स्मॉल बॅच घेऊ, कारण या किमतीत ती सहज मिळते. केंटकीतल्या हेवन हिल या कंपनीची, ९४ प्रूफ. पूर्वी तिच्यावर १२ वर्षं असा वयाचा आकडा असायचा, तो २०१६ मध्ये गेला. आता आठ ते बारा वर्षांच्या बॅरलचं मिश्रण असतं. जाळलेल्या बॅरलची युक्ती पहिल्यांदा एलायजा क्रेग या धर्मोपदेशकाला सुचली असं सांगतात, त्याचंच नाव बाटलीवर आहे. पुरावा नाही, पण नाव खपतं. धान्यात ७८ टक्के मका, बाकी थोडे मोड आणलेले जव आणि थोडी राय (हे गव्हासारखं धान्य, आपली मोहरीतली राई नव्हे). मका एवढा असल्यामुळे गोडवा आधी पुढे येतो आणि रायचा तिखटपणा मागून.

चाखायला बसाल त्या दिवशी घरात अगरबत्ती नको, नुकतीच फोडणी नको, आणि लसूण शेव नंतर. ग्लास तोंडाशी निमुळता असलेला घ्या. नसेल तर वाइनचा छोटा ग्लासही चालेल. बोटभर ओता आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. मग नाक आत खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू हुंगा. चाखणाऱ्यांच्या वह्यांमध्ये ‘कॅरमेल’, ‘व्हॅनिला’ लिहिलेलं असतं, पण आपल्या नाकाला आपल्याच स्वयंपाकघरातलं लवकर ओळखू येतं: चिक्कीचा पाक जरा जास्त तापला की येतो तो वास, सुकं खोबरं, लवंग, भाजलेलं कणीस. यातलं खोबरं आणि लवंग ओकच्या लाकडातूनच येतात. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळा. अल्कोहोल उडून गेलं की धान्य आणि लाकूड मागे राहतं. काउंटरवर हे करून दाखवलं की लोक हसतात, मग स्वतः करून बघतात.

पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्या घोटावर बनवा. तोंडात चघळल्यासारखा फिरवा, गिळा, आणि चव किती वेळ टिकते ते बघा. छातीत उतरणाऱ्या उबेला केंटकीत ‘मिठी’ म्हणतात. ती हवीच, घसा भाजणं मात्र नको. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येत असेल तर बहुतेक माल कोवळा. उलट, चहा फार उकळल्यावर येतो तसा तुरट कडवटपणा आणि कोरडी पडलेली जीभ म्हणजे लाकूड जास्त झालं. केंटकीच्या उन्हाळ्यात गोदामाच्या वरच्या मजल्यावरचे बॅरल भराभर पिकतात, त्यामुळे जास्त वय म्हणजे जास्त चांगली, हे गणित इथे नेहमी जमत नाही.

मग पाणी, चमच्याने, एका वेळी चार-पाच थेंब. वास उघडला तर उत्तम. लगेच फिकी पडली तर तिच्यात फारसा दम नव्हता. बर्फ घालून प्यायला आमची काहीच हरकत नाही, पण पारखताना नको. थंडीत गोडवा आणि दोष दोन्ही लपतात.

किंमत झाकून बघायला विसरू नका. गेल्या दिवाळीत दुकान बंद केल्यावर आम्ही चौघांनी स्मॉल बॅच आणि वीस डॉलरच्या आतली एक ‘बॉन्डेड’ (म्हणजे वरची ‘बॉटल्ड इन बॉन्ड’) अशा दोन बाटल्या कागदात गुंडाळून चाखल्या. दोघांनी स्वस्त उचलली. त्यातला एक मालक होता.

बाटली उभीच ठेवा. आडवी ठेवली की दारू बुचाला लागून बूच खराब होतं. उन्हात नको. तळाशी पाव बाटली उरली की आत हवा जास्त होते आणि काही महिन्यांत चव बसते, तेव्हा ती पाहुण्यांसाठी राखू नका. २१ वर्षांखालच्यांना आम्ही विकत नाही, आणि चाखून झाल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

रिकामा ग्लास रात्री विसळू नका. सकाळी हुंगून बघा. अल्कोहोल गेलेलं असतं, उरलेला वास बॅरलचा. तो गोड आणि स्वच्छ वाटला तर पुढच्या वेळी तीच बाटली मागा. नाही वाटला तर तसं सांगा, दुसरी दाखवू.