गोधडी की स्लीपिंग बॅग? गाडीच्या टपातली एक रात्र

निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते आणि आम्ही नाशिककर ती काहीशा अभिमानानेच एकमेकांना पाठवतो. मागच्या डिसेंबरात त्या बातमीच्या आत जाऊन झोपायची वेळ आली. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातले पक्षी पहाटे बघायचे, म्हणून आदल्या रात्रीच एका ओळखीच्या बागायतदाराच्या मळ्यात गाडी लावली. गाडी मित्राची. जुन्या मिनीबसचं त्याने कॅम्पर करून घेतलंय. टप वर उचलला की चारी बाजूंनी कॅनव्हास ताणलं जातं आणि प्लायवूडच्या फळीवर एक बुटकी खोली तयार होते. ती बघताक्षणी आमच्या सात वर्षांच्या लेकीने ताब्यात घेतली.

रात्री नऊला ती वर झोपली तेव्हा घामेजली होती. दुलई लाथाडून दिलेली. पहाटे साडेचारला कुडकुडत शिडीवरून खाली आली आणि म्हणाली, “बाबा, वरून नाही, खालून थंडी वाजतेय.”

उजाडल्यावर गादी उचलून पाहिली. प्लायवूडवर तिच्या पाठीएवढा ओला डाग उमटला होता. टपाच्या कडेने गेलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला थेंबांची रांग लटकलेली, आणि त्यातला एक थेंब माझ्यादेखत उशीवर पडला. घरी फोन केला तर आईचा पहिला प्रश्न: “खाली काय घातलं होतंस?” अंगावर काय होतं, हे तिने विचारलंच नाही. मी मात्र आठवडाभर अंगावरचंच निवडत बसलो होतो.

आईचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. पांघरूण ऊब देत नाही, अंगातली ऊब बाहेर पडायला उशीर लावतं, एवढंच. सात वर्षांचं मूल झोपेत साधारण जुन्या ४० वॉटच्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता टाकतं. हा एवढाच हीटर. ती उष्णता अडवण्याचं काम कापूस किंवा पॉलिएस्टर फारसं करत नाही. करते ती धाग्यांच्या गुंत्यात अडकून पडलेली हवा. स्थिर हवा उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे, पाणी तिच्या सुमारे २५ पट चांगलं वाहक. ॲल्युमिनियमची तर गोष्टच सोडा. म्हणून अंथरूण-पांघरूण निवडताना प्रश्न एकच असतो: यात हवा किती अडकते आणि ती कोरडी किती राहते?

पूर्वी पिंजारी दारावर यायचा, पिंजणाची तार टणटणायची आणि दबून फरशी झालेल्या गादीतला कापूस डोंगराएवढा फुगायचा. कापूस तेवढाच, वजन तेवढंच. वाढायची ती फक्त हवा. स्लीपिंग बॅगवाले याच गुणाला ‘लॉफ्ट’ म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात.

आता ही हवा अंगाखाली टिकेल का? नाही. स्लीपिंग बॅग कितीही भारी असो, पाठीखालचा तिचा भाग वजनाने चेपतो आणि तिथली हवा निघून जाते. खालची थंडी अडवायची तर न चेपणारं काहीतरी हवं. इगतपुरीकडे पूर्वी भाताच्या पेंढ्यावर गोधडी टाकून झोपायचे. पेंढ्याची काडी पोकळ असते आणि चट्कन चपटी होत नाही. आज तेच काम ईव्हीए फोमची चटई करते, कारण तिच्यातला हवेचा प्रत्येक बुडबुडा बंद कप्प्यात असतो. फर्निचरचा साधा फोम उघड्या छिद्रांचा असतो. त्यातून हवाही जाते आणि वाफही. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते: वीस किलोचं मूल दोन इंची फोम पूर्ण चेपत नाही, मोठ्या माणसाचं कंबरडं मात्र थेट फळीला टेकतं. त्यामुळे टपातल्या मुलाला जाड गादीची गरज नसते. गादीखाली सेंटीमीटरभर जाडीची बंद कप्प्यांची चटई पुरते.

चमकदार रुपेरी पत्रक गादीखाली घालण्याचा सल्ला फार लोक देतात. मला तो पटत नाही. रुपेरी पृष्ठभाग किरणांनी जाणारी उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्यासमोर हवेची फट लागते. गादी आणि फळी यांच्यामध्ये दाबून बसवलेलं पत्रक जवळपास बिनकामाचं, वर ते ओल अडवून धरतं.

ओलीचा हिशेब तर मांडायलाच हवा. आपण झोपेत श्वासातून आणि कातडीतून सतत वाफ सोडत असतो. आठ तासांत मोठ्या माणसाची साधारण पेलाभर होते. दोघं मोठे आणि एक मूल धरलं तर अर्धा लिटर पाणी तरी हवेत गेलं. १० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं. गाडीच्या आत १२ घनमीटर हवा धरली तर सगळी मिळून ११० ग्रॅमच्या आसपास, आणि तीही सुरुवातीला कोरडी ठणठणीत असेल तर. बाकीचं पाणी कुठे जाणार? खिडकी उघडी असेल तर बाहेर, नाहीतर गाडीतल्या सगळ्यात थंड पृष्ठभागावर. रात्री तो पृष्ठभाग म्हणजे टप.

टपच का? हिवाळ्यात सकाळी बाहेर उभी केलेली कार बघा. टप दवाने चिंब असतो, दारं जवळजवळ कोरडी. तीच कार आंब्याखाली लावली तर टपही कोरडा. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते आणि समोरच्या वस्तूकडून काही परत मिळवत असते. दारासमोर कुंपण असतं, भिंत असते. टपासमोर मात्र सगळं आकाश, आणि निरभ्र कोरड्या रात्री आकाश फारच थोडं परत देतं. त्यामुळे टपाचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. झाडाची फांदी आडवी आली की हा व्यवहार थांबतो. पुढच्या वेळी गाडी झाडाखाली लावायची, हे आम्ही तिथेच ठरवलं. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, एवढं मात्र आधी बघायचं.

याच टपात रात्री नऊला लेक घामेजली होती, तेही याच गणितात बसतं. स्वयंपाक झालेला, चौघं आत बोलत बसलेले, गरम हवा हलकी होऊन वर चढलेली. तेव्हा टप ही गाडीतली सगळ्यात उबदार जागा. मग दिवे विझतात, कॅनव्हासमधून ऊब झिरपून जाते, पत्रा आकाशाला उष्णता देत बसतो आणि पहाटे तीच जागा सगळ्यात थंड होते. हवेचा पारा सूर्योदयाच्या आसपास तळाला असतो, आणि माणसाच्या शरीराचं तापमानही पहाटेच सगळ्यात खाली येतं. दोन्ही उतार एकाच वेळी गाठतात. त्यात नऊ वाजता जाड पांघरुणात आलेला घाम कपड्यात मुरलेला. पाणी हवेच्या २५ पट चांगलं वाहक, हे वर आलंच आहे.

म्हणून मुलाला झोपवताना एक पातळ थर घालावा आणि आपण झोपायला जाताना दुसरा वर टाकावा. मूल गरम आहे की गार, हे हातपाय चाचपून कळत नाही, ते बहुधा गारच लागतात. मानेमागे हात घाला. तिथे ओलसर लागलं तर एक थर काढा. मोठ्यांच्या तुलनेत मुलाच्या कातडीचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने जास्त असतं. १८ किलोच्या मुलाला दर किलोमागे मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट कातडी. ते लवकर गार पडतं. डोक्याचा वाटाही मुलांमध्ये मोठा, त्यामुळे कानटोपी उपयोगी. पण डोक्यातून निम्मी उष्णता जाते हे जे सांगतात ना, ते खरं नाही.

आता स्लीपिंग बॅग. तिच्यावर छापलेले ‘कम्फर्ट’ (आरामात झोप) आणि ‘लिमिट’चे (कशीबशी झोप) अंश हे आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरतात, आणि ते मानक मोठ्यांसाठी आहे. मुलाचं शरीर किती थंडी सोसेल याचं गणित त्यात नाही. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवलं तर पायाकडची रिकामी जागाही त्या ४० वॉटच्या बल्बलाच तापवावी लागते. पायाकडचा भाग दुमडून दोरीने बांधला तरी बराच फरक पडतो. टोपीवाली, तोंडाभोवती आवळायची बॅग लहान मुलाला मी देणार नाही. ते आत सरकलं तर तोंड झाकलं जाईल. आत भरलेलं काय असावं? पिसांची बॅग हलकी आणि उबदार खरी, पण ओल लागली की पिसं चिकटून बसतात, आणि ओल तर इथे ठिबकतच असते. टपात पोकळ धाग्याचं पॉलिएस्टर बरं.

आणि गोधडी? जुन्या सुती साड्यांचे थर, मध्ये धावदोऱ्याने अडवलेली हवा. तत्त्व तेच. पण कापूस ओल पितो आणि सावकाश वाळतो. लोकर वेगळी. स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. घोंगडी पाठीखाली, चटईच्या वर अंथरली तर फार छान काम करते. टोचते, म्हणून लेकीची तक्रार असते. वर चादर घालायची.

त्या रात्री मळ्यावरच्या काकांनी प्रेमाने घमेलंभर निखारे आणून दिले होते. “गाडीत ठेवा, ऊब राहील.” द्राक्षबागेत थंडीला ते शेकोट्या पेटवतात, त्यांच्या दृष्टीने साधी गोष्ट. पण उघड्या बागेतली शेकोटी वेगळी आणि बंद गाडीतले निखारे वेगळे. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, घनता जवळपास हवेएवढीच, त्यामुळे तो वर-खाली सगळीकडे मिसळतो आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. काकांना सांगून घमेलं बाहेर ठेवलं. थंडीसाठी खिडकी बंद करून गॅस पेटवणं हीदेखील त्याच जातीची चूक. उलट टपाच्या कॅनव्हासची एक झडप आणि खालची एक काच बोटभर उघडी ठेवली की वाफ बाहेर जाते. ऊब थोडी जाते, पण गादी कोरडी राहते. हा सौदा मला मंजूर आहे.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग ६ वर्षांखालील मुलांना बंक-बेडच्या वरच्या खाटेवर झोपवू नका म्हणतो. टपाला तोच नियम लावावा आणि मोठ्या मुलांनाही कडेला जाळी हवीच. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर सैल पांघरूण, उशी आणि जास्तीची ऊब या तिन्ही गोष्टी धोक्याच्या. त्याची जागा खालीच, सपाट आणि टणक गादीवर.

जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. प्लायवूडवर काथ्याची जाळीदार चटई, म्हणजे खालून हवा खेळते. तिच्यावर फोमची चटई, मग गादी, घोंगडी, चादर, आणि अंगावर पायाकडून बांधलेली स्लीपिंग बॅग. रात्री अकराला वरून गोधडी टाकली. पहाटे कोणी खाली आलं नाही. सकाळी गादी उचलली तर फळी कोरडी, ॲल्युमिनियमच्या पट्टीला मात्र चार थेंब होतेच.

अडचण एकच आली. गोधडी आत ठेवून टप बंद होईना, कडी दोन बोटं उंच राहिली. शेवटी ती काढून खाली घेतली, आणि परतताना ओझरपर्यंत लेक ती मांडीवर घेऊन बसली होती.