मेलेल्या कोंबडीचं रक्त कुणी तपासत नाही

मिरगाच्या राखणेला, म्हणजे मृग नक्षत्र लागताना गावच्या राखणदाराला द्यायच्या मानाला, कोंबडा लागतो. त्यामुळे मे संपता संपता सिंधुदुर्गातल्या वाड्यांमधून गावठी कोंबड्यांची ने-आण वाढते. कुणी आठवडा बाजारातून आणतो, कुणी पाहुण्यांकडून. या फिरतीबरोबर कधीकधी मानमोडीही वाडीत शिरते. सकाळी खुराडं उघडावं तर एखादी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसलेली असते, उघड्या चोचीने धापा टाकत असते आणि खाली हिरवी पातळ शीट पडलेली असते. काही दिवसांत कुणाची मान पिळवटून पाठीकडे वळते. पंधरवड्याच्या आत परसू ओस पडतं. "कोंबड्यांर रोग इलो," एवढंच बोलणं होतं आणि उरलेल्या एक-दोन तलंगांवर पुन्हा सुरुवात होते.

पशुवैद्यक या रोगाला राणीखेत म्हणतात. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला तो १९२७च्या सुमारास ओळखला गेला. त्याच्या आदल्या वर्षी जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला त्याची नोंद झाली होती, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. आपलं 'मानमोडी' हे नाव मला अधिक नेमकं वाटतं, कारण रोगाचं मर्म त्या नावात आहे. या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते एका ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही, सोलल्याशिवाय नारळ वापरात येत नाही तसं. विषाणूच्या सौम्य प्रकारांचं प्रथिन कापणारी विकरं (एन्झाइम) मुख्यतः श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, म्हणून त्यांचा उपद्रव तिथेच थांबतो. जहाल प्रकारांमध्ये त्या जागेची रचना अशी असते, की शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींतलं विकर ती कापू शकतं. मग विषाणू मेंदूपर्यंत पोचतो आणि मान मोडते. लासोटा ही लस अशाच एका सौम्य प्रकारापासून बनवलेली आहे.

रोग किती पसरलाय हे शोधायला कोंबड्यांचं रक्त तपासतात. हा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो, पण रक्तद्रवात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (शरीराने त्याच्याशी लढायला बनवलेली प्रथिनं, अँटिबॉडी) असतील तर त्याला ते जमत नाही. पेशी मोकळ्या राहतात आणि तपासणीच्या ताटलीतल्या खळग्याच्या तळाशी लाल टिकलीसारख्या गोळा होतात. रक्तद्रव दर वेळी दुप्पट पातळ करत न्यायचा आणि ही टिकली कुठवर टिकते ते पाहायचं. अगदी साध्या सामानात होणारी ही तपासणी आहे.

अडचण आकड्यांच्या अर्थाची आहे. ब्रॉयलरच्या शेडमधली पिल्लं पाच-सात दिवसांची असतानाच लस घेतात. त्यांच्यात प्रतिपिंडं सापडली तर बहुधा ती लशीची असतात. सगळ्या कळपात पातळी नेहमीपेक्षा अचानक फार चढली, तर बाहेरचा विषाणू आत आल्याचा संशय घ्यायचा. परसातल्या कोंबडीला मात्र सहसा कुणी लस दिलेली नसते. तिच्यात प्रतिपिंडं सापडणं म्हणजे विषाणूशी तिची गाठ पडली आणि ती जगली.

इथेच आपली फसगत होते. समजा, वाडीत १०० कोंबड्या होत्या, ८० मेल्या आणि उरलेल्या २० पैकी १५ जणींत प्रतिपिंडं मिळाली. पाहणीत ७५ टक्के हा आकडा येतो आणि तो वाचून 'गावठी कोंबडी काटक असते' या समजुतीला बळ मिळतं. पण मेलेल्या ८० त्या हिशेबात कुठेच नाहीत. आकडा कमी आला तरी निश्चिंत होता येत नाही. कळपात नवी पिल्लं भरली असतील आणि पुढच्या साथीला मोकळं रान मिळालेलं असेल.

गावठी कोंबडी ऊन-पाऊस सोसते, स्वतःचं खाणं शोधते, मुंगूस दिसला तर पिल्लं पंखाखाली घेते. जहाल मानमोडीपुढे मात्र लस न मिळालेली कोंबडी गावठी असो की शेडमधली, तितकीच असहाय असते. लस घेतलेला पक्षी आजारी दिसला नाही तरी विषाणू बाहेर टाकू शकतो. म्हणून चिकनच्या दुकानामागे फेकलेली पिसं आणि आतडी गावठी कोंबड्या उकरतात, ते पाहून मला धास्ती वाटते. आजार दिसताच कोंबड्या घाईने बाजारात नेणं तर याहून घातक. (माणसाला या विषाणूने क्वचित डोळे येतात, त्यापलीकडे सहसा काही होत नाही. बर्ड फ्लू वेगळा.)

२०१९च्या पशुगणनेनुसार देशातल्या सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसात आहेत. त्यांच्यापर्यंत लस न पोचण्याचं एक कारण कुपीच्या आकारात आहे. कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या आठ. एकट्याने आणली तर बाकीची वाया जाते, म्हणून बहुतेक जण आणतच नाहीत. आपली घरं लांब लांब, मधे चढ-उतार.

यावर उपाय वाडीनेच करायचा आहे. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवायच्या. पहाटे बर्फाच्या डब्यातून कुपी आणायची, उजाडायच्या आत घरोघर फिरायचं आणि एकेकीच्या डोळ्यात एक थेंब टाकायचा. हे मिरगाच्या दोन-तीन आठवडे आधी व्हायला हवं, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.