स्फुरद की नत्र? ईरी सरोवराच्या हिरव्या पाण्यामागचा जुना वाद

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला उन्हाळ्यात पसरणाऱ्या विषारी हिरव्या सायीचा विषय निघाला की, चर्चा बहुधा याच सरोवराचे पाणी पिणाऱ्या अमेरिकेतील टोलेडो शहराच्या २०१४ मधील पाणीसंकटापासून सुरू होते. वास्तविक त्यातला मुख्य प्रश्न त्याहून पुष्कळ जुना आहे. सरोवरात येणारे स्फुरद रोखले म्हणजे पुरे, की नत्रही रोखायला हवे, हा तो प्रश्न. आणि १९७० च्या आसपास त्याला दिलेल्या उत्तरावरच आजचे धोरण उभे आहे.

त्या काळी शहरांचे सांडपाणी आणि फॉस्फेट (स्फुरदाचे संयुग) असलेल्या धुण्याच्या पावडरी यांमुळे ईरीची अवस्था इतकी वाईट झाली होती की, वर्तमानपत्रे ते सरोवर मेल्याचे लिहीत. पावडर बनवणाऱ्या उद्योगाचा बचाव असा होता की, शेवाळाची वाढ कार्बनच्या पुरवठ्यावर ठरते, फॉस्फेटला दोष देणे चुकीचे आहे. हा दावा काचेच्या बाटल्यांतील प्रयोगांनी खरा वाटतही असे. म्हणून कॅनडात ऑन्टारियोच्या वायव्य भागातील लहान सरोवरे १९६८ पासून प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली आणि एका जीवशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली अख्ख्या सरोवरांवर प्रयोग सुरू झाले. क्रमांक २२७ च्या सरोवरात केवळ नत्र आणि स्फुरद घातले, कार्बन मुळीच नाही; तरीही पाणी हिरवे झाले, कारण लागणारा कार्बन हवेतून मिळत राहिला. १९७३ मध्ये क्रमांक २२६ च्या सरोवराच्या मधल्या चिंचोळ्या भागात प्लास्टिकचा पडदा सोडून त्याचे दोन भाग केले गेले. दोन्हीकडे कार्बनसाठी साखर आणि नत्रासाठी नायट्रेट घातले, फॉस्फेट मात्र एकाच बाजूला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात फॉस्फेट नसलेल्या बाजूचे पाणी गडद दिसते आणि फॉस्फेट घातलेल्या बाजूचे दाट हिरवे.

या छायाचित्रामुळे अमेरिका आणि कॅनडा यांच्यात सरोवरांच्या पाण्याच्या शुद्धतेबाबत करार झाला, असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. करार १९७२ चा आहे. छायाचित्राने केले ते इतकेच की, आधीच स्वीकारलेल्या धोरणाला लोकांच्या मनात पक्के स्थान मिळवून दिले. आणि तेही कमी महत्त्वाचे नव्हते. करारानुसार मोठ्या सांडपाणी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त स्फुरद नको, असे ठरले. १९७८ मध्ये ईरीसाठी वर्षाला ११,००० टनांची मर्यादा आली, ती १९८० च्या दशकात गाठलीही गेली, आणि सरोवराचे पाणी निवळले.

केवळ स्फुरदावर भर देण्यामागे ठोस तर्क होता. ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो ते खरे तर जीवाणू, आणि त्यांतील काही जाती हवेतील नत्र स्थिर करू शकतात. त्यामुळे नत्र रोखले तर नेमक्या याच जातींचे फावते. क्रमांक २२७ च्या सरोवरात १९९० पासून नत्र घालणे पूर्ण बंद केले, तरी हिरवेपणा टिकून राहिला. ३७ वर्षांच्या नोंदींवर आधारलेला तो निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा पुरावा बाजूला सारता येण्यासारखा नाही. परंतु ईरीच्या पश्चिम भागात आज माजणारा मायक्रोसिस्टिस हा नील-हरित जीवाणू हवेतील नत्र वापरू शकत नाही, आणि त्याच्या मायक्रोसिस्टिन या विषाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातील प्रत्येक रेणूत नत्राचे १० अणू असतात. पाणी किती हिरवे होईल आणि ते किती विषारी होईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. १९७३ च्या पडद्याने पहिल्याचे उत्तर दिले. दुसरा त्या वेळी कोणी विचारलाच नव्हता. माझ्या मते ‘केवळ स्फुरद’ आणि ‘नत्रही’ म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांतील बरीचशी कटुता या गल्लतीतून आली आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून हिरवी साय परतली. दरम्यान बाहेरून आलेले झेब्रा शिंपले मायक्रोसिस्टिस नाकारून इतर शैवाल खात होते. सरोवराच्या पश्चिम टोकाला मिळणाऱ्या मोमी नदीतून येणाऱ्या एकूण स्फुरदात विरघळलेला, जीवाणूंना लगेच वापरता येणारा वाटा वाढत गेला. मका आणि सोयाबीनच्या त्या पट्ट्यात मातीची धूप थांबावी म्हणून नांगरणी कमी झाली होती. वरच्या वर पसरलेले खत मातीच्या पातळ थरात साचून राहिले आणि जमिनीखालच्या निचरा नळ्यांतून थेट ओढ्यांत उतरू लागले. धूप रोखण्याचा तो प्रयत्न प्रामाणिक होता, हे विसरता कामा नये.

२ ऑगस्ट २०१४ रोजी टोलेडोच्या सुमारे ४ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे सांगण्यात आले, कारण उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. बंदी दोन दिवसांनी उठली. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मोमीतून वसंतात येणारे एकूण आणि विरघळलेले स्फुरद २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठेवले. नत्रासाठी त्यात कोणताही आकडा नाही.